रोटरच्या वाट्याला फक्त तेल

गेल्या जुलैतली दुपार. टेक्सासमध्ये आमच्या छोट्या धावपट्टीवर ३५ अंश होते, वारा जवळजवळ नव्हता. मुद्दाम अशीच वेळ निवडली होती, कारण सकाळच्या गारव्यात सगळीच विमानं शहाण्यासारखी वागतात. पूर्ण थ्रॉटल, १०० नॉट्स, सरळ चढ. इंजिनात शिरणाऱ्या तेलाच्या तापमानाचा आकडा मी दर अर्ध्या मिनिटाला गुडघ्यावरच्या पॅडवर लिहीत होते. ९१, ९५, ९९, १०३. १०८ लिहिलं आणि थ्रॉटल मागे घेतला, विमान आडवं केलं. आकडा आणखी एक अंश वर गेला, मग उतरायला लागला. मी परत वळले.

विमान मी स्वतः बांधलं आहे. व्हॅन्सचं आरव्ही-७ हे दोन सीटचं किट, आणि पुढे नेहमीच्या लायकॉमिंगच्या पिस्टन इंजिनाऐवजी मझदाचं १३बी रोटरी इंजिन. साडेसहा वर्षं लागली. इथे घरी बांधलेल्या विमानाला मोटारीचं इंजिन बसवलं तर पहिले ४० तास ठरवून दिलेल्या हद्दीत चाचण्या घ्याव्या लागतात. प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असती तर २५ तासांत भागलं असतं. ते १५ जास्तीचे तास कशासाठी असतात ते मला त्या दुपारी नीट कळलं.

ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल हवेने गार करणारी जाळी, केवढा लावायचा, हे मला बरेच जण विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. आधी एक खुलासा करते. रोटरी म्हटलं की काही जणांना पहिल्या महायुद्धातली विमानं आठवतात. नोम, ल रोन या त्या इंजिनांमध्ये सिलिंडरांचा अख्खा घेर प्रोपेलरबरोबर फिरायचा. त्यांना एरंडेल तेल घालायचे. ते एकदा वापरलं की बाहेर फेकलं जायचं, पायलटच्या तोंडावरही उडायचं. तेल परत येतच नव्हतं, त्यामुळे ते गार करायचा प्रश्नच नव्हता. माझं इंजिन वेगळं. हे वांकेल: अंड्यासारख्या घरात फिरणारा तीन बाजूंचा रोटर. फेलिक्स वांकेल यांचं पहिलं इंजिन १९५७ मध्ये जर्मनीत एनएसयू कंपनीत चाललं, आणि १९६७ पासून मझदाने ते खऱ्या अर्थाने चालवून दाखवलं. आम्हा नगरच्या लोकांना तर हे नाव परकं नाही. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी भारतात जे ५५ हॉर्सपॉवरचं वांकेल इंजिन बनलं, त्यात बंगळुरूच्या प्रयोगशाळांबरोबर आमच्या नगरची व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, होती. २००९ मध्ये ते कोलारच्या धावपट्टीवरून उडालं, ती बातमी अण्णांनी मला फोनवर वाचून दाखवली होती. तेव्हा मी अजून पिंपरीत रेडिएटरच्या कारखान्यात कामाला होते.

आता मुद्द्याचं. १३बी मध्ये दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. शाफ्ट ६००० फेरे मारतो तेव्हा रोटर २००० मारतो, आणि त्याची एक ना एक बाजू जवळजवळ सतत आगीसमोर असते. पिस्टनच्या इंजिनात पिस्टन तापला तर त्याची बरीचशी उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत जाते, आणि भिंतीमागे पाणी किंवा हवेचे पंख असतात. रोटरला तशी सोय नाही. पाणी फिरतं ते बाहेरच्या घरात. रोटरचा आणि त्या घराचा संबंध येतो तो बारीक सीलांपुरता. रोटर आतून पोकळ असतो आणि शाफ्टमधल्या जेटमधून त्याच्या पोटात तेल उडवतात. ते आत घुसळलं जातं, लोखंडाची उष्णता घेतं आणि खाली संपमध्ये, म्हणजे तेलाच्या तळटाकीत, गळतं. रोटर गार ठेवणारं दुसरं काही त्या इंजिनात नाही.

म्हणून लायकॉमिंगच्या सवयीने ऑइल कूलरकडे बघू नये. तिथे तो मदतनीस असतो. इथे पाणी आणि तेल मिळून जेवढी उष्णता बाहेर काढतात तिचा साधारण तिसरा हिस्सा एकटं तेल काढतं. तेल फार तापलं की ते पातळ होतं, बेअरिंगवरचा थर विरतो, आणि रोटरच्या कडेला तेल अडवणाऱ्या रिंगांखाली जे रबरी ओ-रिंग असतात ते कडक होतात. मग तेल जळायला लागतं, धूर दिसतो, आणि तोपर्यंत आतलं नुकसान होऊन गेलेलं असतं.

हिशेब करताना बहुतेक जण हॉर्सपॉवरपासून सुरुवात करतात. मी पेट्रोलपासून करते. हॉर्सपॉवरचा आकडा माणसाच्या आशेवर अवलंबून असतो; पेट्रोल किती गेलं ते मीटर सांगतो. चढताना माझं इंजिन ताशी ५३ लिटर पितं, म्हणजे सुमारे ३८ किलो. किलोला साडेत्रेचाळीस मेगाज्यूल धरले तर हे झाले ४६० किलोवॅट. ढोबळ मानाने चौथा हिस्सा शाफ्टला मिळतो, चौथा पाण्या-तेलात जातो, आणि उरलेला निम्मा बहुतेक सगळा एक्झॉस्टमधून निघून जातो. पाण्या-तेलाच्या वाट्याचे ११५ किलोवॅट, त्यातला तेलाचा तिसरा हिस्सा ३८ किलोवॅट. घरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. तसे एकोणीस गीझर एकदम चालू ठेवले तर जेवढी उष्णता होईल, तेवढी मला काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या कवचाच्या, एका कोपऱ्यातून, चढ संपेपर्यंत सतत बाहेर टाकायची आहे.

मोटारीतल्या कूलरवरून अंदाज बांधला की फसतं ते इथेच. मोटार पूर्ण ताकदीने चालते ती काही सेकंद. हायवेवर तिला वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरतात. तरीही मझदाने तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ च्या काही मॉडेलांना दोन ऑइल कूलर दिले होते. विमान मात्र उडाल्यापासून पाच-सात मिनिटं पूर्ण ताकद मागतं, तेही सर्वांत कमी वेगात.

३८ किलोवॅट हवेत सोडायचे तर हवा किती लागेल? ३५ अंशांची हवा कूलरमधून ७५ ने बाहेर पडेल असं धरलं. चाळीस अंशांची वाढ, म्हणजे सेकंदाला जवळपास ९५० ग्रॅम हवा, आमच्या उन्हाळ्यातल्या विरळ हवेत साडेआठशे लिटर. ही हवा कूलरच्या तोंडावर सेकंदाला १० मीटर वेगाने आली तर ८५० चौरस सेंटिमीटर जाळी लागते. मी २८ बाय १५ सेंटिमीटरचे, दोन इंच जाडीचे, थरांचे दोन कूलर घेतले. दोन्ही मिळून ८४०. कागदावर जमलं होतं.

जाडीबद्दल एक सांगून ठेवते. जागा नसली की लोक जाड कूलर घेतात. पहिल्या इंचात हवा गार असते, ती भरपूर उष्णता घेते. दुसऱ्या इंचात ती अर्धी तापून पोचते. तिसऱ्या-चौथ्या इंचाला काम फारसं उरत नाही, अडथळा मात्र पूर्ण होतो. जाडी स्वस्तात मिळाल्यासारखी वाटते, पण तिची किंमत हवेच्या दाबात मोजावी लागते आणि चढताना आपल्याकडे तोच थोडा असतो.

तर मग १०८ का? पहिली चूक माझ्या जोडणीत होती. दोन कूलर मी समांतर लावले होते, म्हणजे तेल येताना दोन फाटे, जाताना परत एक. वाटलं होतं, दोघांना निम्मं-निम्मं तेल मिळेल. प्रत्येकाच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर सेन्सर लावला तेव्हा डावीकडे ६८ अंश दिसले आणि उजवीकडे १०१. सेन्सर अदलाबदल करून पाहिले, तेच. डाव्या कूलरला हवा चांगली मिळत होती. त्यातलं तेल जास्त गार झालं, गार झालं म्हणून घट्ट झालं, घट्ट झालं म्हणून सावकाश सरकायला लागलं, आणि त्यामुळे आणखी गार झालं. तेलाने मग सोपी वाट धरली: उजवा कूलर, जिथे हवा कमी होती. चांगला कूलर जवळजवळ रिकामा बसला आणि वाईटावर सगळा भार पडला. पाण्याच्या बाबतीत असं इतकं होत नाही, कारण ६८ काय आणि १०१ काय, पाण्याच्या घट्टपणात फरक थोडा. तेलात तो भरपूर पडतो.

मी दोन्ही एकामागे एक जोडले. आधी उजवा, मग डावा. सगळं तेल दोघांमधूनही जातं, पळवाट नाही. तेलाचा दाब थोडा जास्त खर्च होतो. माझ्या इंजिनात तो परवडतो, मी इंजिनात शिरतानाचा दाब पाहून खात्री केली. पुढच्या चढात तेल १०८ ऐवजी १०३ वर गेलं. सुधारणा होती, पण मला ९५ च्या आत हवं होतं.

त्या रात्री नगरला फोन केला. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. विमानात कधी बसले नाहीत, पण तापलेली इंजिनं त्यांनी चौतीस वर्षं पाहिली.

“आणखी मोठा कूलर लावू का, अण्णा? जागा काढता येईल कशीतरी.”

“अगं, मागून हात धरून बघितलास का?”

“कशाच्या मागून?”

“जाळीच्या. आमच्याकडे गाडी तापते म्हणून ड्रायव्हर यायचा, म्हणायचा रेडिएटर बदला. आम्ही इंजिन चालू ठेवून जाळीच्या मागं हात धरायचो. वारं लागलं तर रेडिएटरचा दोष. वारं लागत नसेल तर रेडिएटर सोन्याचा लावला तरी तापणार. पुढून हवा येती म्हणून खूश नाही व्हायचं. मागून जाती का, ते बघायचं.”

उडत्या विमानात काउलिंगखाली हात धरता येत नाही. मी पारदर्शक प्लास्टिकची नळी घेतली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फूटपट्टीवर चिकटवली आणि आत खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी भरलं. बारीक नळ्या ओढून एक टोक कूलरच्या पुढे, एक मागे, एक बाहेरच्या स्थिर दाबावर. अशा तीन पट्ट्या उजव्या सीटच्या पाठीला बांधल्या. या साधनाला खर्च आला तो चहा-पाण्याएवढा, आणि माझ्या साडेसहा वर्षांच्या कामात एवढं उपयोगी दुसरं काही मी बनवलेलं नाही.

१०० नॉट्सला समोरून येणाऱ्या हवेचा दाब आमच्या उंचीवर, उन्हाळ्यात, पाण्याच्या १५० मिलिमीटरएवढा असतो. एवढंच भांडवल. ८५ नॉट्सने चढायला गेलं तर ते ११० च्या खाली येतं, आणि १७० नॉट्सने वर आडवं उडताना साडेतीनशेच्या पुढे जातं, कारण दाब वेगाच्या वर्गात वाढतो. म्हणूनच क्रूझमध्ये सगळ्यांचं तेल गार दिसतं आणि चढात उकळतं. कूलर चढासाठीच मोजायचा.

माझ्या पट्टीवर कूलरच्या पुढे ९५ दिसले. मागे ६०. म्हणजे दीडशेच्या भांडवलातून जाळीत हवा ढकलायला उरले ३५. अण्णांचा हात बरोबर सांगत होता. मागे ६० मिलिमीटर दाब साचला होता, हवा काउलिंगमध्ये आली होती आणि तिला बाहेर पडायला दार नव्हतं. खालचं तोंड मी बाहेरून सुबक दिसावं म्हणून लहान ठेवलं होतं. त्याच तोंडातून पाण्याच्या रेडिएटरची हवा, एक्झॉस्टभोवतीची हवा, कूलरची हवा, सगळी निघू पाहत होती.

पुढच्या तीन आठवड्यांत मी काउलिंग कापलं. स्वतः घासूनपुसून रंगवलेल्या फायबरला आरी लावताना हात जड होतो. कूलरसाठी वेगळा मागचा डक्ट, म्हणजे हवा जायचा बोगदा, केला, त्याचं तोंड पहिल्यापेक्षा मोठं, आणि कडेला खाली वाकलेली ४० मिलिमीटरची पट्टी, म्हणजे तिच्यामागे दाब कमी होऊन हवा ओढली जाईल. पुढच्या डक्टमध्येही दोष होता: तोंडाकडून जाळीकडे तो फार पटकन रुंदावत होता, त्यामुळे हवा भिंत सोडून मध्येच भोवऱ्यात फिरत होती. जागा थोडी होती, म्हणून सरळ शंकूचा नाद सोडला. बरंच अंतर अरुंद ठेवला आणि जाळीच्या अगदी जवळ घंटेसारखा उघडला. जाळी स्वतःच अडवते म्हणून हवा तिथे पसरते. क्यूखेमान आणि वेबर या विमानशास्त्राच्या अभ्यासकांनी १९५३ च्या पुस्तकात हा आकार मांडला आहे आणि रोटरीवाले आजही तोच वापरतात. शेवटी फटी बुजवल्या. कूलरच्या चारी बाजूंनी मिळून तीन-चार चौरस इंचांच्या फटी होत्या, आणि जाळीतून जाण्यापेक्षा हवेला त्या केव्हाही सोप्या. सिलिकॉन आणि रबराची पट्टी, अर्ध्या दिवसाचं काम.

पुढे ११५, मागे १५. जाळीवर शंभर मिलिमीटर. हवेचा प्रवाह साधारण दाबाच्या वर्गमुळात वाढतो, म्हणजे तेच कूलर, तेवढीच जाळी, आणि हवा जवळजवळ १.७ पट. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, बाहेर ३६ अंश असताना, मी पूर्ण ताकदीने सहा हजार फुटांपर्यंत चढले. तेल संपमधून ११५ ने निघत होतं आणि इंजिनात ९३ ने शिरत होतं. तिथे थांबलं. मी आणखी दोन मिनिटं चढत राहिले, ते ९३ च.

बावीस अंशांच्या या उतारावरून उलटा हिशेबही लावता येतो. तेलाची उष्णता धरण्याची ताकद पाण्याच्या निम्मी, घनताही कमी. ३८ किलोवॅट बावीस अंशांत उतरवायचे तर मिनिटाला ५५ ते ६० लिटर तेल फिरत असलं पाहिजे. आकडा १३बी च्या पंपाला शोभणारा आहे, म्हणून मी माझ्या मूळ हिशेबावर विश्वास ठेवते. आणि कोणी तुम्हाला आपल्या तेलाचं तापमान सांगितलं तर सेन्सर कुठे आहे ते आधी विचारा. कूलरच्या आधीचा आणि नंतरचा आकडा मिसळून जी भांडणं होतात, त्यांत दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

तोंड मोठं केल्याने क्रूझमध्ये विमान तीन नॉट्सने मंदावलं. ते मला खुपतं. १९३५ मध्ये ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या मेरेडिथ यांनी दाखवलं होतं की रेडिएटरमधून तापून निघणारी हवा नीट आवळून मागे सोडली तर अडथळ्याचा बराच भाग भरून निघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालच्या डक्टमध्ये पाण्याचा रेडिएटर आणि ऑइल कूलर दोन्ही होते, आणि दोघांना मागच्या बाजूला वेगवेगळी हलती दारं होती. हवेवरचा ताबा मागच्या दारापाशीच ठेवलेला. पिंपरीत आम्ही रेडिएटरची जाळी विकायचो, मागच्या दाराचा विचार गाडीवाल्याने करायचा असे. आता दोन्ही कामं माझ्याकडे आहेत आणि मला ते आवडतं.

तसंच दार मी करते आहे. उन्हाळ्यासाठी उघडलेलं तोंड हिवाळ्यात उलटं पडलं: डिसेंबरात थ्रॉटल मागे घेऊन उतरताना तेल ६२ अंशांवर आलं. एवढ्या गार तेलातली वाफ निघून जात नाही आणि आत पाणी साठतं. अॅल्युमिनियमचं पान कापून झालं आहे, बिजागरी बसली आहे, पानाला आतून कडा वाकवल्या आहेत. अण्णांना फोटो पाठवला तर त्यांनी विचारलं, केबल तुटली तर दार उघडं राहतं की बंद होतं? ते बंद होत होतं. आता स्प्रिंग दुसऱ्या बाजूला लावते आहे.